निरोप घाटावर पोचला

साल १७२१, महिना डिसेंबर. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या कोटाबाहेर तुम्ही उभे आहात. पलीकडच्या तीराला कोरलईचा डोंगर, त्याच्या कण्यावरून चढत गेलेली पोर्तुगिजांची तटबंदी. मधल्या पाण्यात मचवे, पडाव, गलबतं यांची एवढी दाटी झाली आहे की कोळ्यांना आपली होडी बाहेर काढायला वाट सापडत नाही. आणखी बाहेर, खोल पाण्यात, इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं नांगरून आहेत.

तुमच्या डोक्याला मुंडासं आहे, काखेत कागदांचा रुमाल, कानावर बोरू. पोर्तुगिजांच्या पदरी शेणवी दुभाषे आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा तरी हा उमेदवार असणार, असं समजून पहारेकरी तुम्हाला हटकत नाहीत. तुम्हाला तेवढंच हवं आहे. इथे तुम्हाला लढायचं नाही, ऐकायचं आहे.

पुळणीवर एक म्हातारा तांडेल जाळ्याची आस काढत बसला आहे. हे एवढं लष्कर कशाला, असं तुम्ही विचारता. तो मान वर न करता म्हणतो, “कुनाकुनाचा कागद घ्यायचा, दादा? समुद्र तर एकच हाय.”

त्याच्या त्या एका प्रश्नात सगळं भांडण आलं. या पाण्यातून माल न्यायचा तर पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, हवा, कारण दोनशे वर्षं ते समुद्राची मालकी सांगत आले आहेत. मुंबईकर इंग्रज स्वतःचा परवाना देतात आणि त्यांच्या निशाणाखाली जाणाऱ्या गलबताला कुणी हात लावू नये म्हणतात. दक्षिणेला जंजिऱ्यात सिद्दी बसला आहे. आणि उत्तरेला, अलिबागसमोरच्या खडकावर, कुलाब्यात कान्होजी आंग्रे. छत्रपतींचे सरखेल म्हणून ते सांगतात की हा किनारा आमचा आहे, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याने आमचं दस्तक घ्यावं. ज्याच्याजवळ दस्तक नसेल त्याला त्यांची गुराबं गाठतात. इंग्रज त्यांना चाचा म्हणतात. पण कागद विकण्याचा धंदा इथे सगळेच करत होते. फरक एवढाच की बाकीचे बाहेरून आले होते.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर आणि खांदेरीवर स्वाऱ्या करून पाहिल्या. सगळ्या फसल्या. मग त्याने गोव्याकडे हात पुढे केला. रॉबर्ट कोवान नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस वकील म्हणून गोव्याला गेला, आणि १७२१ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला: दोघांनी मिळून आंग्र्यांना बुडवायचं. स्वतः व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जुझे दि सांपायु इ काश्त्रु जातीने चौलला आला आहे. कागदावर पाहिलं तर इतकी भक्कम आघाडी या किनाऱ्याने क्वचितच पाहिली असेल.

आता छावणीत फिरा.

एका बाजूला कंपनीचे लोक, त्यांचा मुख्य तोच कोवान. दुसऱ्या बाजूला राजाच्या आरमाराचे खलाशी, त्यांचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज. मॅथ्यूज सप्टेंबरात मुंबईला पोचला, तेव्हा आधी तोफांची सलामी कुणी द्यायची, किल्ल्याने की जहाजाने, यावरून दोघांमध्ये निरोपांची ये-जा सुरू झाली होती. म्हणजे खुद्द इंग्रजांचंच एकमेकांशी पटत नव्हतं. तिसऱ्या बाजूला व्हाइसरॉयचे लोक, आणि चौथ्या बाजूला वसईकडच्या मुलखाचा अधिकारी, ज्याला ते उत्तरेचा जनरल म्हणतात, त्याची पलटण. हुकूम इंग्रजीत निघतो, पोर्तुगिजात जातो, तिथून कोकणी-मराठीत उतरतो आणि शिपायापर्यंत पोचेतो त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीचा झालेला असतो. एका लढाईला चार धनी आहेत, आणि त्यातला कुणीही दुसऱ्याचा हुकूम मानायला बांधलेला नाही. तुमच्या काखेतल्या रुमालातला करार यातलं काहीच सांगत नाही.

लष्कर हलतं. नागावच्या वाड्यांमधून, नारळी-पोफळीच्या सावलीतून वाट जाते. गावं ओस पडली आहेत. घरांना कड्या घातलेल्या, विहिरींवरचे रहाट थांबलेले. एका घाण्यापाशी सांडलेल्या तेलाचा वास येतो. या पट्ट्यात शनवार तेली राहतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल. तेही गुरं-पोरं घेऊन आत निघून गेलेत. आक्षीजवळून जाताना वाटेकडेच्या शिळेवर अक्षरं दिसतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. सैनिकांच्या ते लक्षातही येत नाही. खाडी उतरून पलीकडे गेलं की अलिबाग.

इथे जरा थांबा आणि नीट बघा. जमिनीवर हिराकोट, जेमतेम वर्षापूर्वी कान्होजींनी बांधलेला, काळ्या फत्तरांचा. समोर समुद्रात कुलाबा, आणि त्याला लागून छोटा सर्जेकोट. सुकती लागली की मधली वाळू उघडी पडते, चालत जाता येतं. भरती आली की किल्ला पुन्हा बेट होतो. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं हटत नाही, उधाणाच्या दिवसांत झपाट्याने परततं. ही वेळ ज्याला तिथीवरून सांगता येते त्याचा हा किल्ला. गोव्याहून आणि लंडनहून आलेल्यांना ती विचारून घ्यावी लागते, आणि विचारायला गावात कुणी उरलेलं नाही.

पहिल्या दिवसांतलाच एक प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर घडतो. मराठ्यांचा एक स्वार झाडीतून बाहेर येतो, थेट कमोडोरच्या अंगावर घोडा घालतो आणि त्याच्या मांडीत भाला मारून माघारी वळतो. जखम खोल नाही. मॅथ्यूज संतापून त्याच्यामागे घोडा फेकतो, गाठतो, एक पिस्तूल रोखतो, मग दुसरं. एकही उडत नाही. दोन्ही भरायची राहून गेली होती. क्लेमंट डाउनिंग नावाचा एक इंग्रज या मोहिमेत होता, त्याने पुढे हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

नाताळ तोंडावर आलेला असताना हल्ला होतो. इंग्रज खलाशी शिड्या घेऊन कोटाला भिडतात. काही जण वर चढतातही. त्यांच्या धाडसाबद्दल शंका नको. पण त्यांची बगल सांभाळायचं काम उत्तरेच्या जनरलकडे आहे, आणि आंग्र्यांचे लोक नेमके तिथेच तुटून पडतात. पोर्तुगिजांची फळी मोडते. ती मोडलेली पाहून इंग्रजही मागे सरतात, आणि मग मागे सरण्याची पळापळ होते. तोफा, दारूगोळा वाळूतच राहतो. तुम्ही एका माडाच्या बुंध्याशी अंग चोरून उभे आहात. धुराने डोळे चुरचुरताहेत, आणि तुमच्या अंगावरून माणसं पळताहेत. त्यांच्या ओरडण्यातून तुम्हाला एकच अर्थ लागतो: प्रत्येक जण दुसऱ्याला शिव्या देतो आहे.

मॅथ्यूज जहाजावरून किनाऱ्यावर येतो तो लाल होऊन. तो उत्तरेच्या जनरलवर धावून जातो आणि हातातली छडी त्याच्या तोंडात खुपसतो. व्हाइसरॉयलाही तो काही फार बरं वागवत नाही. आघाडी कागदावर अजून आहे. वाळूवर ती या क्षणी संपली. (पुढे १७४४ साली तूलाँच्या समुद्रात याच मॅथ्यूजला त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने, लेस्टॉकने, ऐन लढाईत साथ दिली नाही. चौकशी होऊन बडतर्फ झाला तो मात्र मॅथ्यूज. ज्याच्यासोबत लढायचं त्याला आधी आपलंसं करावं लागतं, हे त्याला अलिबागेतच कळायला हवं होतं.)

या गडबडीत उत्तरेकडे निघालेले दोन पायी जासूद तुमच्या नजरेतून सुटले असतील. कमरेच्या शेल्यात मेणकापडात गुंडाळलेला लखोटा, पायांत काही नाही. कान्होजींचे असे जासूद हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून साताऱ्याला, शाहू महाराजांकडे जाताहेत. पेणच्या बाजूने तिवरांच्या कडेकडेने, मिठागरांच्या बांधांवरून, मग खोपोली, मग घाट. त्यांच्यामागे जा, आणि घाट चढताना आठ वर्षं मागे सरका.

१७१३-१४ चा हिवाळा आहे. घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळ वळवण. तुम्ही पाहता ते दृश्य अलिबागपेक्षा कितीतरी साधं आहे. दोन माणसं बैठकीवर बोलताहेत. एक कान्होजी. त्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, नुकतंच कैद केलं आहे; कोल्हापूरच्या बाजूने ते साताऱ्यावर चालून येतील अशी धास्ती आहे. दुसरे बाळाजी विश्वनाथ भट, पिंगळ्यांच्या जागी नुकतेच पेशवे झालेले. बाळाजी श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. सिद्दीच्या जाचाने त्यांना गाव सोडावं लागलं. समुद्र म्हणजे काय आणि कान्होजींचं तिथे वजन किती, हे त्यांना साताऱ्याच्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सैन्य पाठवून कान्होजींना नमवायचा एक प्रयत्न नुकताच अंगाशी आला होता. बाळाजींनी बोलणी केली. कान्होजींनी शाहू महाराजांना धनी मानायचं, पिंगळ्यांना सोडायचं, घाटावरची घेतलेली ठाणी परत करायची. महाराजांनी त्यांना सरखेलपद आणि दहा मोठे किल्ले, सोळा लहान कोट यांचा ताबा मान्य करायचा. पुढे दोघांनी मिळून सिद्दीवर दाब आणला आणि १७१५ मध्ये त्यालाही तह करावा लागला. माझ्या मते बाळाजींच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोलाचं काम. दिल्लीहून आणलेल्या सनदांचं कौतुक जास्त होतं, पण या करारामुळे मराठ्यांच्या राज्याला समुद्र मिळाला. आणि तो संकट दारात येण्याआधी झाला.

आता पुन्हा पुढे या. १७२१ चा शेवट. बाळाजी हयात नाहीत. १७२० च्या एप्रिलमध्ये ते गेले. वळवणला शब्द देणारा माणूस उरला नाही, तेव्हा शब्दही गेला, असं म्हणायला साताऱ्यात कुणाची हरकत नव्हती. दरबारात कान्होजींबद्दल सगळ्यांना प्रेम होतं असंही नाही. तरी शाहू महाराजांनी फौज पाठवली. पिलाजी जाधव उतरले, आणि मागोमाग एकवीस वर्षांचे पेशवे बाजीराव स्वतः आले.

तुम्ही वरसोलीच्या बाजूला उभे राहा, अलिबागच्या उत्तरेला. आधी धूळ दिसते, मग घोडी. हजारोंनी. घाटावरची ही घोडी खाऱ्या वाऱ्याने फुरफुरताहेत, काहींनी समुद्र प्रथमच पाहिला आहे. व्हाइसरॉयच्या छावणीत एकदम शांतता पसरते. पुढे कुलाबा, मागे हे स्वार, आणि बाजूला रागावलेले मित्र.

बाजीरावांनी या क्षणी तलवार चालवली असती तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी आधी वकील पाठवला, आणि तोही फक्त पोर्तुगिजांकडे. इंग्रजांना बोलावलंच नाही. मला हा सगळ्या मोहिमेतला सर्वांत धारदार वार वाटतो. तुमचा मुलूख आमच्या मुलखाला लागून आहे. वसई, चौल, साष्टी सगळीकडे आमचे घोडे पोचतात. इंग्रज जहाजात बसून मुंबईला जातील, तुम्ही कुठे जाणार? हे शब्द कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण व्हाइसरॉयला नकाशाच ते सांगत होता.

जानेवारी १७२२. वरसोलीला पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात तह होतो. दुभाषा एकेक कलम वाचतो, पोर्तुगिजातून मराठीत, मराठीतून पोर्तुगिजात. तुम्ही त्याच्या मागे बसून उतरवून घेता. शाई उन्हात लगेच वाळते. दोन्हीकडची माणसं दमलेली आहेत आणि कुणाला भाषणं करायची नाहीत. इंग्रजांचं नाव या तहात भागीदार म्हणून नाही. बातमी कळते तेव्हा मुंबईकर विश्वासघात झाला म्हणून संतापतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो झालाच होता. गव्हर्नर बून त्याच सुमाराला विलायतेला निघून जातो. इंग्रजांचा ताफा कुलाबा न घेताच परततो. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर त्यांचा एकही मोठा किल्ला इंग्रजांना घेता आला नाही.

इथेच थांबता आलं असतं. पण मग अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल, म्हणून तुम्हाला किनाऱ्याने दक्षिणेला न्यायला हवं. मुरूड, दिघी, श्रीवर्धन मागे टाकून हरिहरेश्वरला या. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोटचा किल्ला. साल १७५६. बाणकोटवर इंग्रजांचं निशाण आहे.

ते कसं आलं ते ऐका. कान्होजींच्या मुलांत वाटण्या झाल्या, कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं हाडवैर जमलं. दोष दोघांकडे होता. तुळाजींनी पेशव्यांच्या माणसांना कमी छळलं नाही. पण वळवणची बैठक पुन्हा बसली नाही. नानासाहेबांनी घरचं भांडण मिटवायला मुंबईकरांना बोलावलं. कमोडोर जेम्सने १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गच्या खाडीत शिरले. आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. इंग्रज विजयदुर्ग दाबून बसले, महिनोन्‌महिने सोडेनात, आणि अखेर त्याच्या बदल्यात जे घेतलं त्यात हे बाणकोट. बाळाजींनी जो समुद्र बोलणी करून मिळवला, तो त्यांच्या नातवाने परक्याच्या मदतीने जाळला. मराठ्यांच्या इतिहासात याहून महागडी युती मला दुसरी दिसत नाही.

त्याच जागी उभे राहा, सावित्रीच्या मुखाशी, आणि वर्षं पुढे जाऊ द्या.

१९९३. इथून फार दूर नाही, श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी. फेब्रुवारीतल्या रात्री आरडीएक्स उतरतं, गाड्यांत भरलं जातं. अडवायला नेमलेल्यांपैकी काही जण पैसे घेऊन गप्प राहतात; पुढे न्यायालयाने कस्टम्स आणि पोलिसांतल्या माणसांना दोषी ठरवलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. कोट, तोफा, आरमार सगळं असून निरोप देणारा विकला गेला तर काय होतं, ते शेखाडीत दिसलं.

१८ ऑगस्ट २०२२. गोपाळकाल्याच्या आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागते. नाव लेडी हान. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. रायगड जिल्ह्यात नाकाबंदी, मुंबईपर्यंत धावपळ. संध्याकाळपर्यंत उलगडा होतो: नौका ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं. कोरियाच्या युद्धनौकेने माणसं वाचवून ओमानच्या हवाली केली. खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही, ती वाहत वाहत इथे आली. म्हणजे कोरियाने आणि ओमानने आपापलं काम नीट केलं होतं. माणसं वाचली होती. पण रायफली घेऊन वाहणाऱ्या त्या नौकेची रायगडच्या किनाऱ्याला ओळख पटली ती खडकांपाशी लागल्यानंतर, सात आठवड्यांनी.

समुद्रावरची माहिती देशोदेशींमध्ये वाटून घेण्यासाठी गुरुग्रामला नौदलाचं एक केंद्र डिसेंबर २०१८ पासून चालतं. मित्रदेशांचे अधिकारी तिथे शेजारी शेजारी बसतात. हे उत्तम आहे, आणि वाढायला हवं. पण गुरुग्रामच्या पडद्यावर मोठी जहाजं दिसतात. छोटी होडी दिसते ती भरडखोलच्या, दिघीच्या, वरसोलीच्या कोळ्याला. म्हणूनच किनाऱ्यावर गावकऱ्यांची सागर सुरक्षा दलं उभी राहिली. आजचे जासूद तेच आहेत. त्यांना मान द्या, मोबदला द्या, आणि त्यांनी दिलेली खबर वरच्याने त्याच दिवशी ऐकावी अशी व्यवस्था करा, एवढी मागणी तरी या जिल्ह्याने लावून धरायला हवी.

आणि तुम्ही, जे आता वर्तमानात परत आला आहात, पुढच्या सुट्टीत अलिबागला जाल, तेव्हा पाण्यात अनोळखी, दिवा नसलेली, माणूस नसलेली होडी दिसली तर फोटो काढून पुढे जाऊ नका. सागरी पोलिसांचा नंबर १०९३ आहे, तटरक्षक दलाचा १५५४. फोन करा.